तंतूंची शिरगणती

मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर अथवा पुण्याच्या बोहरी आळीत ज्याने कधी घाऊक माल खरेदी केला असेल, त्यास ‘ग्रोस’ या शब्दाचा अर्थ सांगण्याचे प्रयोजन नाही. बारा डझनांचा एक ग्रोस, म्हणजे १४४ नग. गुंड्या, पेन्सिली, सुया, दाभणे अशा मोजावयास कंटाळवाण्या जिनसांचा हिशेब पूर्वापार या मापाने होत आला आहे. १९५६ साली दशमान वजनमापांचा कायदा झाला, शेर, मण, गज, कोस एकेक करून दप्तरातून खारीज झाले, आणि डझन व ग्रोस ही जोडगोळी कोणाच्याही हुकमाची पर्वा न करता दुकानांच्या फळ्यांवर बसून राहिली. त्यांचा अखेरचा आश्रय कटलरीच्या गल्ल्यांतच असावा, अशी माझी समजूत होती. काही वर्षांपूर्वी प्रकाशतंतूंच्या केबलींचे एक दरपत्रक सहज हाती पडले आणि ती समजूत सुटली. तंतूंच्या संख्येप्रमाणे त्यात जी उतरंड लावली होती ती अशी : १४४, २८८, ४३२, ८६४, १७२८, ३४५६, ६९१२. एक ग्रोस, दोन ग्रोस, तीन, सहा, बारा, चोवीस आणि अठ्ठेचाळीस! बँकांचे व्यवहार, न्यायालयांच्या सुनावण्या आणि परदेशी गेलेल्या मुलांचे रविवारचे चेहरे ज्या काचेतून घरोघर येतात, तिची शिरगणती गुंड्यांच्या मापाने चालते.

एका केबलीत किती तारा किंवा किती तंतू घालावेत, हा प्रश्न वरकरणी नुसत्या हिशेबाचा वाटतो. जितके बोलणारे, तितके मार्ग. मग त्यात विचार तो कसला? परंतु या धंद्यात आयुष्य घालवलेल्या मंडळींशी जसजसे बोलणे होत गेले आणि जुना इतिहास जसजसा नजरेखालून गेला, तसतसे माझे असे मत होत गेले की, हा आकडा बोलणाऱ्यांच्या संख्येवरून फारच थोड्या वेळा ठरला आहे. तो बहुतेक वेळा जमीन खणण्याच्या खर्चावरून ठरला, आणि जेथे तो प्रश्न सुटला तेथे सांधा जोडणाऱ्याच्या बोटांवरून ठरला. पावणेदोनशे वर्षांत पदार्थ बदलले, लोखंडाचे तांबे झाले, तांब्याची काच झाली. पण ही दोन कारणे जागची हलली नाहीत.

आपल्या देशातील पहिला अध्याय एका तारेचा आहे. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारे डॉक्टर विल्यम ओ’शॉनेसी यांनी १८३९ साली त्या शहराजवळ प्रयोगादाखल तार उभारली, आणि पुढे गव्हर्नर जनरल डलहौसी यांचे पाठबळ मिळाल्यावर १८५०-५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही मजबूत सरकारी ओळ घातली. तार म्हणण्यापेक्षा तिला सळई म्हणणे अधिक यथार्थ होईल. जेथे ती जमिनीखालून न्यावयाची होती, तेथे डांबरात भिजवलेले मद्रासी कापड तिच्यावर गुंडाळून, कौलांच्या पन्हळींत वाळू व राळ यांचे वितळलेले मिश्रण ओतून, त्यात ती बसवण्यात आली. ज्या कौलांनी घरावरचे पाणी हटवावयाचे, तीच उलटी घालून विजेच्या वाटेवरचे पाणी हटवण्याची ही तजवीज मला नेहमीच मोठी कौतुकाची वाटत आली आहे. विलायतेहून काय येईल याची वाट न पाहता बाजारात जे मिळेल त्यात काम भागवणाऱ्या माणसाची ती युक्ती आहे. १८५४ संपता संपता कलकत्ता, आग्रा, मुंबई व मद्रास ही शहरे तारेने जोडली गेली आणि १८५५ च्या आरंभी ती सामान्य रयतेस खुली झाली.

त्याच सुमारास इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधील खाडीत आकड्याचा प्रश्न प्रथम खऱ्या अर्थाने उपस्थित झाला. १८५० च्या ऑगस्टात ब्रेट बंधूंनी गटापर्चा या मलायी झाडाच्या चिकाचा लेप दिलेली तांब्याची एकच तार डोव्हरहून पलीकडे नेली. वर कसलेही चिलखत नव्हते, आणि दुसऱ्याच दिवशी ती मुकी झाली. एका फ्रेंच कोळ्याने ती जाळ्याबरोबर ओढून तोडली, अशी कथा सांगतात. पुढच्या वर्षी जी केबल घातली गेली तीत एकीऐवजी चार तारा होत्या, प्रत्येकीवर गटापर्चाचे वेष्टण होते, त्यावर ताग, आणि सर्वांवर मिळून लोखंडी तारांचा पीळ. एकदा जहाज भाड्याने घेतले, माणसे लावली, चिलखत चढवले, म्हणजे आत एक तार घातली काय आणि चार घातल्या काय, खर्चात भेद थोडा पडतो, हा हिशेब तेथे प्रथम मांडला गेला. अधिक तंतूंच्या केबलीचा आजचा प्रत्येक पुरस्कर्ता हाच हिशेब मांडतो. फक्त चाराच्या जागी तो चार हजार म्हणतो.

परंतु पंचवीस मैलांच्या खाडीस जो न्याय लागू पडला तो महासागरास लागू पडला नाही. अटलांटिकची १८५८ सालची केबल काही आठवड्यांत निकामी झाली, १८६६ ची टिकली. दोहींच्या पोटात एकच वाहक होता. ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजाने १८७० च्या फेब्रुवारीत मुंबईहून निघून एडनपर्यंत जी केबल सोडली, तीही एकाच वाहकाची. उष्ण कटिबंधातील उन्हाने पोटातला गटापर्चा मऊ पडू नये म्हणून त्या जहाजास पांढरा रंग दिलेला होता. ही केबल पुढे सुएझ, माल्टा, जिब्राल्टर अशी लंडनला जोडली गेली आणि मुंबईच्या कापसाच्या व्यापाऱ्यास लिव्हरपूलचा भाव मिळण्यास जे दिवसचे दिवस लागत, त्यांच्या जागी तास लागू लागले. तेवढ्या लांबीत दुसरी तार घालावयाची म्हणजे तांबे, गटापर्चा आणि वजन ही सारी जवळजवळ दुप्पट. तेथे जमीन खणण्याचा खर्च नव्हताच, जो होता तो मालाचाच. जमिनीवर पुष्कळ, समुद्रात थोडे, हा जो भेद त्या काळी पडला, तो आजही तसाच आहे, आणि त्याचे आजचे कारण पुढे येईल.

एका तारेचे काम वाढवण्यास दोन वाटा असतात. तारा वाढवाव्या, किंवा त्याच तारेकडून अधिक राबवून घ्यावे. १८७० च्या दशकात अमेरिकेत स्टर्न्स यांनी एकाच तारेवरून एकाच वेळी दोन्ही दिशांनी संदेश पाठवण्याची पद्धती व्यवहारात आणली, एडिसन यांनी तिच्यावर चार संदेश चढवले, आणि म्यूरहेड यांनी समुद्रातील केबलींस द्विमुखी पद्धती लागू केली. शास्त्रज्ञाने तारेची शक्ती वाढवावी, आणि खणणाऱ्याने तरीही पुढल्या खेपेस अधिक तारा घालाव्यात, असा हा जो विचित्र खेळ तेव्हापासून चालला आहे, त्यात एकमेकांवर मात करण्याचे श्रेय दोघांपैकी कोणासच कायमचे मिळालेले नाही.

दूरध्वनी आला आणि आकडा एकाएकी फुगला. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे १८८२ साली दूरध्वनीची केंद्रे सुरू झाली. तारायंत्राचे एक कार्यालय साऱ्या गावास पुरे. दूरध्वनीस प्रत्येक घरापासून केंद्रापर्यंत स्वतंत्र मार्ग पाहिजे, आणि आवाज स्वच्छ यावा तर एकीऐवजी दोन तारांची जोडी पाहिजे. जगभरच्या शहरांतील खांबांवर तारांची जंगले माजली. न्यूयॉर्कमध्ये १८८८ च्या मार्चातील हिमवादळाने ती जमीनदोस्त केली, तेव्हा तारा भूमिगत कराव्यात या मागणीस जोर आला. आपल्याकडे ते काम दरवर्षीच्या पावसाने केले असते. १८९० च्या सुमारास कोरड्या कागदाची पट्टी गुंडाळलेल्या तारा शिशाच्या नळीत भरण्याची पद्धती रूढ झाली, आणि जोड्यांची संख्या शंभर, दोनशे, चारशे अशी चढत चढत हजार-दोन हजारांच्या घरात गेली. मनगटाहून जाड असलेली ती केबल रस्त्याखाली पुरलेल्या नळीत, म्हणजे डक्टमध्ये, जेमतेम शिरे. तिच्या आकड्यास मर्यादा पडली ती त्या डक्टच्या व्यासानेच. मग तांब्याची तार बारीक करा, कागद पातळ करा, पण भोक तेवढेच, अशी ती काटकसर होती. रस्ता एकदा खणून डक्ट बसवल्यावर पुन्हा खणणे कोणासच परवडत नसे.

या केबली सांधणारा माणूस म्हणजे जॉइंटर. माझ्या लहानपणी, १९७० च्या दशकात, पुण्यातील फुटपाथवर मॅनहोलच्या तोंडाशी ताडपत्रीचा लहानसा तंबू दिसला की आम्ही मुले तेथे घुटमळत असू. आत मिणमिणत्या दिव्याखाली पाटावर बसलेले एक गृहस्थ, ज्यांना सारी आळी काका म्हणे, दोन केबलींची उघडी टोके समोरासमोर ठेवून तासन्तास एकेक जोडी पिळत. तारेवर आधी कागदाची बारीक नळी सरकवावयाची, दोन्ही टोके एकत्र पिळावयाची, मग नळी त्या पिळावर ओढावयाची. हे एका जोडीस दोनदा, आणि जोड्या आठशे. शेजारी स्टोव्हवर मेणाचे भांडे असे. काम संपत आले की ते कढत मेण पळीने कागदावर ओतीत आणि कान देऊन ऐकत. कागदात ओल राहिली असेल तर मेण तडतडे. तडतड थांबेपर्यंत मेण ओतावयाचे, मग वर शिशाची नळी चढवून, चरबी लावलेल्या कापडाच्या घडीने वितळलेला कस्तर हाताने लेपून ती बंद करावयाची. पावसाळ्यात शिशास केसाएवढी चीर गेली तरी पाणी कागदात शिरे आणि अर्ध्या पेठेचे फोन एकदम मुके होत. ते होऊ नये म्हणून केंद्राकडून केबलीत कोरडी हवा दाबाने भरून ठेवण्याचा शिरस्ता पडला. एकदा मी धीर करून विचारले, “काका, चुकून ह्याची तार त्याला लागली तर?” ते मान वर न करता म्हणाले, “मग बर्व्यांच्या घरी जोश्यांचा फोन वाजतो, बाळ.”

आठशे जोड्यांचा सांधा म्हणजे दोन-तीन दिवसांची बैठक. म्हणून नियोजन करणाऱ्या अधिकाऱ्यास जोड्या वाढवताना रस्त्याचा खर्च जसा ध्यानात घ्यावा लागे, तसा या तंबूतल्या माणसाच्या पाठीचाही घ्यावा लागे. स्वराज्य येण्यापूर्वीच, १९४३ साली, सरकारने तिन्ही मोठ्या शहरांच्या टेलिफोन कंपन्या आपल्या अखत्यारात घेतल्या होत्या. १९५२ साली बंगालमधील रूपनारायणपूर येथे हिंदुस्थान केबल्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि केबली देशात होऊ लागल्या. तरी जोड्या कधी पुरल्या नाहीत. पुढील पंधरा-वीस वर्षांची मागणी अजमावून केबल टाकावी असे पुस्तकात असे. व्यवहारात, जी मंजूर होईल ती टाकीत, आणि ती टाकून होण्यापूर्वीच प्रतीक्षायादी तिला पुरून उरे. फोनच्या अर्जावर ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही’ असा शेरा पडला की त्याचा साधा अर्थ, तुमच्या गल्लीच्या पिलरमध्ये, म्हणजे जोड्या वाटून देणाऱ्या पेटीत, मोकळी जोडी नाही, एवढाच असे. थोड्या तारांची केबल टाकण्यात वाचलेला पैसा असा वर्षानुवर्षे लोकांच्या खात्यावर खर्ची पडत राहिला.

मधल्या काळात तारेस दोन प्रतिस्पर्धी भेटून गेले. पहिला बिनतारी. १९२७ साली खडकी व दौंड येथील केंद्रांतून इंग्लंडशी बिनतारी संदेशवहन सुरू झाले, आणि ते इतके स्वस्त ठरले की समुद्री केबलींच्या कंपन्यांचे धाबे दणाणले. दोन वर्षांतच साम्राज्याच्या केबली आणि बिनतारी यांचा एका कंपनीत संसार थाटून द्यावा लागला. दुसरा प्रतिस्पर्धी घरातलाच. आवाजाचे सेकंदाला आठ हजार नमुने घेऊन त्यांचे आकडे करावयाचे आणि अनेक आवाजांचे आकडे आळीपाळीने एकाच मार्गावरून सोडावयाचे, ही ॲलेक रीव्ज यांनी १९३७ साली सुचवलेली कल्पना ट्रान्झिस्टर आल्यावर साध्य झाली. दोन जोड्यांवरून अमेरिकेत चोवीस, युरोपात आणि पुढे आपल्याकडे तीस संभाषणे जाऊ लागली. हिंदुस्थानातील अशी पहिली व्यवस्था १९७५ साली मुंबई शहर आणि अंधेरी या केंद्रांमध्ये सुरू झाली. रस्ता न खणता जुन्या केबलीच्या पोटातून पंधरापट काम निघाले. या टप्प्यावर, आता अधिक तारांच्या केबलींचे दिवस सरले, असे कोणी म्हटले असते तर त्यास मूर्ख म्हणण्याचे कारण नव्हते.

पण काच आली. काचेच्या तंतूंच्या जुडीतून चित्र नेता येते हे हॉपकिन्स आणि नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ साली दाखवून दिले होते; दूरवर संदेश नेण्याइतकी स्वच्छ काच मिळेना. १९६६ साली चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहम यांनी असे प्रतिपादन केले की दोष काचेचा नसून तिच्यातील अशुद्धीचा आहे, आणि एक किलोमीटर गेल्यावर शंभरातला एक हिस्सा प्रकाश जरी शिल्लक राहिला तरी टेलिफोनचे काम होईल. चारच वर्षांनी कॉर्निंग कंपनीच्या मॉरर, केक व शुल्ट्झ यांनी त्याहून सरस तंतू ओढला. आज तेवढ्याच अंतरावर शंभरातले पंचाण्णव हिस्से शिल्लक राहतात.

येथे आपल्या ग्रोसचा जन्म सापडतो. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळांनी १९७६ साली अटलांटा येथे जी चाचणीची केबल घातली, तीत बारा तंतू शेजारी शेजारी चिकटवून एक फीत केली होती आणि अशा बारा फिती एकावर एक रचल्या होत्या : एकूण १४४. पुढल्या वर्षी शिकागोत शहराच्या रस्त्यांखालून खरोखरीची संभाषणे नेणारी केबल घातली तीत दोनच फिती, म्हणजे चोवीस तंतू होते. एवढ्याशा चाचणीस १४४ तंतू कशास, असे वाटण्याजोगे आहे. त्यांनी केवळ प्रकाश जातो की नाही एवढे पाहिले नाही, तांब्याच्या केबलीची जागा घेणारी गर्दीची केबल करता येते की नाही, ती सांधता येते की नाही, हेही पाहिले. मग जपान्यांनी चार व आठ तंतूंच्या फितींनी आपला वेगळा हिशेब मांडला आणि गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात हजार तंतूंच्या केबली जमिनीखाली घातल्या; पण पाश्चात्य बाजारात बारांचे राज्य राहिले आणि आपल्या निविदांतही तेच उतरले.

पुण्याच्या वाचकांस अभिमान वाटावा अशी एक गोष्ट सहसा कोणास ठाऊक नसते. देशातील पहिला प्रकाशतंतूंचा मार्ग, टेलिफोन केंद्रे एकमेकांस जोडण्यासाठी, १९७९ साली पुण्यात सुरू झाला. शिकागोनंतर अवघ्या दोन वर्षांनी. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो आणि रस्ता खणलेला दिसला की पाण्याचा नळ असावा असेच समजत होतो. पुढे औरंगाबादेजवळ, आजच्या छत्रपती संभाजीनगराजवळ, वाळूज आणि शेंद्रा येथे स्टरलाइटने वाळूतल्या मूलद्रव्यापासून काचेची कांडी आणि कांडीपासून तंतू ओढण्याचे कारखाने उभारले. तीच कंपनी आरंभी तांब्याच्या जेलीभरल्या टेलिफोन केबली करीत असे. पैठणीच्या व हिमरूच्या गावांजवळ केसासारखा काचेचा धागा निघावा, हा योगायोग मला आवडतो; त्यातून काही सिद्ध होते असे मुळीच नाही.

तंतूंची संख्या ठरवण्यात माणसे दोन्ही बाजूंनी चुकतात. तांब्याच्या काळात अंदाज कमी पडला. काचेच्या पहिल्या मोठ्या लाटेत तो इतका अधिक झाला की कंपन्या बुडाल्या. १९९० च्या दशकात इंटरनेटच्या भरात अमेरिका व युरोपात कंपन्यांनी एकमेकींच्या शेजारी चर खणून हजारो मैल तंतू पुरले. नेमके त्याच वेळी एका तंतूतून निरनिराळ्या रंगांचे डझनावारी प्रकाश एकाच वेळी पाठवण्याची विद्या व्यवहारात उतरली, आणि पुरलेल्या तंतूंपैकी बरेचसे कधी उजेड न पाहता पडून राहिले. त्यांस अंधारे तंतू म्हणू लागले. २००२ साली ग्लोबल क्रॉसिंग आणि फ्लॅग या बड्या कंपन्यांनी दिवाळे काढले. त्या दिवाळ्याची मिळकत बरीचशी हिंदी हाती आली : मुंबईस येणारी १९९७ सालची फ्लॅग केबल २००४ साली रिलायन्सने घेतली, आणि अमेरिकेच्या टायको कंपनीने अब्जावधी डॉलर खर्चून घातलेले जगभरचे समुद्री जाळे विदेश संचार निगमने, जे तोवर टाटांकडे आले होते, २००५ साली १३ कोटी डॉलरांना विकत घेतले. एकाच्या चुकलेल्या अंदाजाने दुसऱ्याचे घर उभे राहते, ही व्यापारातली जुनीच रीत. येथे ती समुद्राच्या तळाशी घडली.

त्या समुद्री केबलीत तंतू किती होते म्हणाल, तर मुंबईस आलेल्या फ्लॅगमध्ये दोन जोड्या. अलीकडच्या मोठ्या केबलींतही सोळा, फार तर चोवीस जोड्या असतात. कारण असे की, पाण्याखाली दर साठ-सत्तर किलोमीटरवर मंद झालेला प्रकाश पुन्हा तेजस्वी करणारे यंत्र बसवावे लागते आणि प्रत्येक जोडीस त्याची वीज किनाऱ्यावरून पुरवावी लागते. गटापर्चाच्या काळी तांब्याचा भाव आड येत होता, आता विजेची रसद आड येते. आणि याच सोळा जोड्या वर्सोव्याच्या वाळूतून वर आल्या, की नवी मुंबईतील माहिती साठवणाऱ्या इमारतींकडे जाताना त्यांच्या वाट्याला हजार, दोन हजार तंतूंच्या केबली येतात. दोन इमारतींमधील अंतर चार-सहा किलोमीटर. तेवढ्यासाठी महागडी यंत्रे बसवून एका तंतूवर शंभर रंग चढवण्यापेक्षा तंतू शंभर घालणे स्वस्त पडते. शास्त्रज्ञ आणि खणणारा यांच्या खेळात ही फेरी खणणाऱ्याने जिंकली आहे.

ज्यास अशी केबल निवडावयाची असते त्याच्यापुढील प्रश्न ओ’शॉनेसीस कळले असते असे मला वाटते. डक्ट केवढा? त्यात आधीची केबल आहे काय? वळणे किती? रस्त्याची परवानगी पुन्हा कधी मिळेल? मुंबईत पावसाळ्याचे चार महिने चर खणण्यास मनाई, आणि बाकीचे महिने रस्ता पूर्ववत करण्याची रक्कम आधी भरल्यावाचून कुदळ लागत नाही. ती रक्कम काचेच्या किमतीस लाजवणारी असते. तेव्हा भोक तेवढेच ठेवून आत काच अधिक कशी कोंबावी, याकडे कारखानदारांची सारी बुद्धी गेली. काच स्वतः १२५ मायक्रॉन जाड. तिच्यावरचे रंगीत वेष्टण पूर्वी २५० मायक्रॉनांचे असे, ते २०० चे केले, एवढ्यानेच तंतूमागे एक तृतीयांशाहून अधिक जागा सुटली. मग फितीचा ताठपणा काढला. जुनी फीत सपाट, कडक. चौकोनी थप्पी गोल नळीत घातली की कोपरे रिकामे राहणारच. जपानी कारागिरांनी तंतू सलग न चिकटवता अधूनमधून ठिपक्यांनी चिकटवले. अशी फीत पदरासारखी गोळा होते, नळीत कोठेही मावते, आणि सांधावयाच्या वेळी सरळ केली की बारा तंतू पुन्हा आपल्या ओळीत येतात. ३४५६ आणि ६९१२ हे आकडे या युक्तीने साध्य झाले. ६९१२ तंतूंची केबल जुन्या दोन हजार जोड्यांच्या शिसे केबलीहून सडपातळ असते.

तरीही मोठा आकडा हाच उत्तम आकडा असे मी म्हणणार नाही. हिशेब करून पाहावा. एकेक तंतू सांधण्यास तीन मिनिटे धरली तर ३४५६ तंतूंस अखंड सात दिवसांहून अधिक लागतील. बारांची फीत एकदम सांधणाऱ्या यंत्राने, फितीस आठ मिनिटे धरल्यास, २८८ फिती अडतीस तासांत उरकतात. पण फितीतला एक तंतू वाकडा बसला तर बारांचेही टोक कापून पुन्हा आरंभ. आणि ज्या रात्री कोणाचा तरी जेसीबी त्या केबलीवर पडतो, त्या रात्री हे अडतीस तास एका टोकाला नव्हे, घातलेल्या नव्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना मोजावे लागतात. अशी एक रात्र ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला मी पाहिली आहे. ज्यांनी ती केबल निवडली होती त्यांनी दुसऱ्या वाटेने जाणारी लहान केबल ठेवली नव्हती. एकाच चरात सारे बसते तर दोन चर कशास, असा त्यांचा सरळ व्यवहारी विचार होता. २००८ च्या जानेवारीत अलेक्झांड्रियाजवळ समुद्रात दोन केबली तुटल्या आणि मुंबई-बंगळुराची कचेरी-कामे रखडली, तेव्हा याच विचाराची फळे मोठ्या प्रमाणावर सर्वांस दिसली होती. तंतू वाढवण्यापेक्षा वाटा वाढवाव्यात, असे माझे या बाबतीत स्पष्ट मत आहे. अर्थात वाट म्हणजे पुन्हा खणणे आले.

गेल्या मार्गशीर्षात आमच्या जुन्या पेठेत रात्री दहानंतर मॅनहोल उघडलेले दिसले. १७२८ तंतूंची केबल ओढावयाची होती आणि डक्टमध्ये जागा नव्हती, म्हणून कंत्राटदाराची माणसे कपीने तिथली जुनी शिसे केबल बाहेर काढीत होती. हातभर लांबीचे तुकडे करून ते टेम्पोत भरले जात होते, आणि कापलेल्या तोंडातून तपकिरी कागदाच्या चिंध्या लोंबत होत्या. काका काठी टेकीत आले होते. आता त्यांचे वय नव्वदीच्या घरात आहे. एका तुकड्याच्या तोंडास बोट लावून त्यांनी कागद चोळून पाहिला आणि म्हणाले, “कोरडा आहे.”

पलीकडे एका लहान मोटारीच्या मागच्या भागात मेज लावून विशीतला एक मुलगा नव्या केबलीची चाचणीची फीत सांधीत होता. वेष्टण सोलून, मद्यार्काच्या बोळ्याने पुसून, टोके एका रेषेत छाटून त्याने ती यंत्रात ठेवली. छाटलेले काचेचे कण त्याने जपून एका बाटलीत टाकले. पडद्यावर बारा रेघा समोरासमोर आल्या, ठिणगी पडली, रेघा एक झाल्या. काका वाकून त्या फितीकडे पाहत होते. प्लॅस्टिकच्या तारांच्या जेलीभरल्या केबलींवर त्यांनी नोकरीची शेवटची पंधरा वर्षे काढली होती आणि त्या तारांचे रंग त्यांच्या जिभेवर पाढ्यासारखे बसलेले होते. ते पुटपुटू लागले : निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखी. मुलाने चमकून वर पाहिले. मग पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा. क्रम तोच होता. तांब्याच्या जोड्यांचे पाच आणि पाच रंग जसेच्या तसे काचेवर आले होते. फितीत आणखी दोन तंतू उरले होते, एक गुलाबी आणि एक पाणेरी निळा. काका तेथे थांबले आणि त्या मुलाला म्हणाले, “हे दोन आमच्यात नव्हते. ह्यांना काय म्हणता?”